न पोचलेली बोट आणि 'आपण' हा शब्द

या मालेत आपण इतिहास आणि कल्पित यांच्या नात्याविषयी बोलतो आहोत. आजच्यासाठी आम्ही एक इंग्रजी कादंबरी निवडली आहे. ती फार गाजलेली नाही, आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात तर ती कधीच कुणी लावणार नाही. पण आम्ही चाळीसेक वर्षं 'सत्य म्हणजे काय' हा प्रश्न फळ्यावर लिहीत आलो, त्या प्रश्नाचा एक अवघड कोपरा या हलक्याफुलक्या पुस्तकात जसा उजेडात येतो तसा पुष्कळ जाडजूड ग्रंथांत येत नाही.

कादंबरीचं नाव 'देअर फायनेस्ट अवर अँड अ हाफ'. लेखिका लिसा एव्हान्स. पुस्तक २००९ चं. या बाई मूळच्या डॉक्टर, पुढे रेडिओ आणि टेलिव्हिजनवर विनोदी कार्यक्रमांची निर्मिती करू लागल्या. त्यामुळे 'कार्यक्रम तयार होतो' म्हणजे पडद्यामागे काय काय चालतं, कोण रुसतं, कोण चहा आणतं, कुणाचं श्रेय कोण खातं, हे त्यांना आतून माहीत आहे. पुढे २०१६ मध्ये लोन शेरफिग या डॅनिश दिग्दर्शिकेनं यावर 'देअर फायनेस्ट' नावाचा चित्रपट केला. तो आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल.

नावातली गंमत आधी सांगतो. १८ जून १९४० ला चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये जे भाषण केलं, त्यात येणारा काळ हा ब्रिटिशांचा सर्वोत्तम तास म्हणून ओळखला जावा अशी अपेक्षा होती. लेखिकेनं त्या तासाचा दीड तास केला. दीड तास म्हणजे एका चित्रपटाची लांबी. इतिहासातला तो तास पडद्यावर बसवायचा तर किती वेळ लागतो, कोण माणसं लागतात, आणि बसवताना काय काय कातरावं लागतं, हे सगळं त्या जास्तीच्या अर्ध्या तासात आहे.

आता गोष्ट. मे १९४० ची अखेर. जर्मन फौजांनी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर डंकर्कपाशी ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य कोंडून धरलं आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरून लहानमोठ्या होड्या सैनिकांना आणायला निघाल्या आहेत. रोझ आणि लिली नावाच्या दोन जुळ्या बहिणी, स्वभावानं बुजऱ्या, बापाच्या धाकात वाढलेल्या, त्या वडिलांची बोट काढतात आणि निघतात. थोडं अंतर जातं न जातं तोच इंजिन बंद पडतं. सैनिकांनी भरून परतणारी एक टगबोट त्यांना दोर बांधून ओढत किनाऱ्याला आणते. संपलं. डंकर्क त्यांनी डोळ्यांनीसुद्धा पाहिलं नाही. वर्तमानपत्रात मात्र त्या जाऊन आल्या असं छापून येतं, आणि लंडनच्या माहिती मंत्रालयाला हवा असलेला विषय आयता सापडतो. चित्रपट ठरतो. चित्रपटातली बोट अर्थातच डंकर्कला पोचते.

रोझ आणि लिली काल्पनिक आहेत, हे ध्यानात असू द्या. म्हणजे इथे दुहेरी पेच आहे. न घडलेल्या एका घटनेत आणखी न घडलेली भर कशी घातली गेली, हे आपण वाचतो, आणि तरी वाचताना डंकर्कविषयी काहीतरी खरं कळतं आहे असं वाटत राहतं. ते वाटणं फसवं आहे का?

उत्तराकडे जाण्याआधी कामाला लागलेली माणसं पाहू, कारण पुस्तकाचा जीव तिथं आहे. कॅट्रिन कोल ही वेल्समधून लंडनला आलेली तरुण मुलगी. जाहिरातींचा मजकूर लिहायची. तिला मंत्रालयाच्या चित्रपट विभागात बोलावतात ते 'बायकांचे संवाद' लिहायला. त्या संवादांना तिथले पुरुष लेखक जो शब्द वापरतात त्याचा अर्थ साधारण 'पचपचीत खरकटं' असा होतो. म्हणजे खरे संवाद आम्ही लिहू, बायका आपसात जे काही बोलतात ते तू लिही. दुसरा अँब्रोज हिलिअर्ड. उतरणीला लागलेला नट, जो अजून स्वतःला नायक समजतो आणि ज्याला भूमिका मिळते ती दारुड्या काकाची. तिसरी ईडिथ, मादाम तुसाँच्या मेणाच्या पुतळ्यांचे कपडे शिवणारी अबोल शिवणकारीण. आणि चौथा आर्थर फ्रिथ. शांततेच्या काळात खानावळीच्या धंद्यातला, सैन्यातही भटारखान्याच्या बाजूचा. तो डंकर्कहून परतलेला आहे, एवढ्या भांडवलावर त्याला चित्रपटाचा 'लष्करी सल्लागार' नेमतात.

आम्हाला यातला आर्थर सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वाचकांना कॅट्रिन आवडते, समीक्षकांना अँब्रोज. त्यात गैर काही नाही. पण आर्थर हा त्या सगळ्या मंडळींत एकटा, जो खरोखर तिथं होता. आणि त्याला सांगता काहीच येत नाही. सैनिकांच्या टोपीचा कोन बरोबर आहे का, पट्टा कसा बांधतात, असले प्रश्न त्याला विचारले जातात. जे त्यानं पाहिलं ते कुणी विचारत नाही, आणि विचारलं असतं तरी ते दीड तासाच्या पटकथेत कुठं बसवणार? घटनेला साक्षी असणं आणि घटनेची गोष्ट सांगता येणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या बखरी वाचताना हा अनुभव येतोच. पानिपतावर गेलेले हजारो, त्यातले परतलेलेही बरेच. पण पानिपत आपल्याला माहीत आहे ते ज्याला लिहिता येत होतं त्याच्या शब्दांत.

आता इतिहासाकडे वळू.

ब्रिटनचं माहिती मंत्रालय सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्ध जाहीर होताच सुरू झालं. जागा लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसची, उंच, पांढरी, जरा अंगावर येणारी इमारत. जॉर्ज ऑर्वेल यांच्या पत्नी आयलीन तिथं सेन्सॉर खात्यात काम करत. '१९८४' मधलं सत्य मंत्रालय रंगवताना ऑर्वेल यांच्या डोळ्यांसमोर हीच इमारत होती असं सर्रास सांगतात. पण सुरुवातीचं हे मंत्रालय भीतिदायक कमी आणि हास्यास्पद जास्त होतं. युद्ध जाहीर झाल्याबरोबर सरकारनं देशातली सगळी चित्रपटगृहं बंद करून टाकली, बॉम्ब पडतील या भीतीनं. पंधरवड्याच्या आत ती उघडायला लागली, कारण अंधाऱ्या संध्याकाळी घरात कोंडलेल्या लोकांचं करायचं काय? १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये आठवड्याला सुमारे १ कोटी ९० लाख तिकिटं विकली जात. १९४५ पर्यंत हा आकडा ३ कोटींच्या वर गेला. बॉम्ब पडत असताना लोक सिनेमाला जात होते, आणि वाढत्या संख्येनं जात होते.

त्याच १९३९ मधल्या एका भित्तिपत्रकाची गोष्ट आमच्या आजच्या मुद्द्याचं मूळ आहे. लाल पार्श्वभूमी, वर राजमुकुट, आणि खाली मजकूर. त्याचा आशय असा, की तुमचं धैर्य, तुमचा आनंदी स्वभाव, तुमचा निर्धार यांनी आम्हाला विजय मिळेल. लोक चिडले. तुमचं धैर्य आणि विजय आमचा? म्हणजे मरायचं आम्ही आणि जिंकायचं तुम्ही?

आता गंमत बघा. इंग्रजीत ही चूक नकळत होऊ शकते, कारण 'वी' आणि 'अस' या शब्दांत ऐकणारा धरलेला आहे की वगळलेला आहे, हे शब्दावरून कळत नाही. आपल्या भाषेत ही सोय नाही, किंवा म्हणा, ही पळवाट नाही. मराठीत तोंड उघडताक्षणी ठरवावं लागतं: 'आपण' की 'आम्ही'? 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं की तुम्ही उठून हात धुता. 'आम्ही जेवायला जातो' म्हटलं की तुम्ही आपली पिशवी उचलून घरी निघता. एका सर्वनामात आमंत्रण असतं, दुसऱ्यात निरोप. (व्याख्यात्याचं 'आम्ही' ही तिसरीच जात आहे, त्यात कुणीच नसतं, फक्त जुनी खोड असते. ती सोडून द्या.)

ब्रिटिश मंत्रालयापुढचा पेच मराठीत सांगायचा तर हा होता: 'आम्ही' चं 'आपण' कसं करायचं? भित्तिपत्रकं आणि भाषणं यांना ते जमेना. चित्रपटाला जमेल असं काही लोकांना वाटलं. १९४० च्या एप्रिलपासून चित्रपट विभाग जॅक बेडिंग्टन यांच्याकडे आला. त्याच वर्षी उन्हाळ्यापासून दर आठवड्याला पाच मिनिटांचा एक सरकारी लघुपट चित्रपटगृहांत फुकट दाखवला जाऊ लागला. कॅट्रिनला पहिलं काम मिळतं ते याच कारखान्यात.

पण 'आपण' तयार करायला एक गोष्ट लागते जिच्यात कुणीही स्वतःला बसवू शकेल. ती डंकर्कनं दिली.

डंकर्कचे आकडे सांगतो. २६ मे ते ४ जून १९४० या दिवसांत ३,३८,२२६ सैनिक तिथून हलवले गेले. त्यापैकी २,३९,४४६ बंदरातून आणि धक्क्यावरून, ९८,७८० वाळूच्या किनाऱ्यांवरून. म्हणजे दहातले सात धक्क्यावरून चढले, आणि मोठ्या संख्येनं नौदलाच्या विनाशिकांवर किंवा प्रवासी बोटींवर चढले. लहान होड्यांचं मोठं काम होतं ते उथळ पाण्यातून सैनिकांना मोठ्या जहाजांपर्यंत नेण्याचं, आणि त्यातल्या बऱ्याच होड्या नौदलाची माणसं चालवत होती. तोफा, गाड्या, दारूगोळा जवळजवळ सगळा मागे राहिला. खुद्द चर्चिल यांनी ४ जूनला बजावलं, की माघारीनं युद्धं जिंकली जात नाहीत.

पण दुसऱ्याच दिवशी, ५ जूनला, लेखक जे. बी. प्रीस्टली रेडिओवर बोलले. विनाशिकांविषयी ते फारसं बोललेच नाहीत. सुट्टीच्या दिवशी चिल्लीपिल्ली आणि सँडविचचे डबे घेऊन फिरवणाऱ्या सहलीच्या आगबोटींविषयी बोलले, त्यातल्या एकीचं नाव घेऊन, जी परत आली नाही. त्या एका भाषणात पराभवाचं रूपांतर झालं. त्यात असत्य शब्द एकही नव्हता; होती ती निवड. दहातले सात जिथून चढले तो धक्का मागे गेला, आणि सहलीची आगबोट पुढे आली.

इथे आम्हाला युधिष्ठिर आठवतो. अश्वत्थामा गेला हे मोठ्यानं म्हणायचं आणि तो हत्ती होता हे पुटपुटायचं. त्याचा रथ म्हणे त्या क्षणापर्यंत जमिनीला टेकत नव्हता, मग टेकला. कान्टला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, टेकायलाच हवा होता. पण प्रीस्टलीच्या भाषणाला युधिष्ठिराचा न्याय लावता येत नाही असं आम्हाला वाटतं. युधिष्ठिराला ठाऊक होतं की द्रोण फसणार आहे, आणि फसून मरणार आहे. ऐकणाऱ्याचा घात व्हावा म्हणून ते वाक्य रचलेलं होतं. प्रीस्टली ज्यांच्याशी बोलत होते त्यांना सैन्य हरून आलं आहे हे माहीत होतंच, गल्लीगल्लीत पट्टे बांधलेली माणसं परतली होती. त्यांना माहिती नको होती. आपण या घटनेत कुठं आहोत एवढंच त्यांना कळत नव्हतं.

न पोचलेल्या बोटीचा पेच कादंबरीत असाच येतो. कॅट्रिनला खरं माहीत आहे. दोघी निघाल्या, हेच तिच्या लेखी गोष्टीचं मर्म. पोचल्या की नाही हा इंजिनाचा प्रश्न. अॅरिस्टॉटलनं इतिहास आणि काव्य यांत फरक केला तो हाच, घडलेलं एकीकडे आणि घडू शकेल असं दुसरीकडे. पण अॅरिस्टॉटलच्या काळात माहिती मंत्रालय नव्हतं. घडू शकेल असं काय, हे ठरवण्याचा अधिकार एका खात्याच्या टेबलावर आला की काव्याची जात बदलते. त्या टेबलावरून फर्मानं येत जातात: गोष्टीत अमेरिकन हवा. कारण १९४१ च्या डिसेंबरपर्यंत अमेरिका युद्धात नव्हती, तिला ओढायचं होतं. आता डंकर्कच्या किनाऱ्यावर अमेरिकन कुठून आणायचा? आणतात. खरा वैमानिक, दिसायला देखणा, अभिनयाच्या नावानं शून्य, आणि त्याला शिकवायचं काम येतं बिचाऱ्या अँब्रोजवर. हा सगळा भाग वाचताना हसू आवरत नाही. पण यातली गरज अगदी खरी होती. १९४० मध्येच हंफ्रे जेनिंग्ज आणि हॅरी वॉट यांनी बॉम्बवर्षावाखालच्या लंडनवर एक छोटा माहितीपट केला, 'लंडन कॅन टेक इट'. त्यात निवेदकाचा आवाज मुद्दाम अमेरिकन पत्रकाराचा घेतला, क्वेंटिन रेनॉल्ड्स यांचा. ब्रिटिशांचं कौतुक ब्रिटिशानं केलं तर ऐकणार कोण!

कॅट्रिनचीही खरी छाया इतिहासात सापडते. ईलिंग स्टुडिओच्या लेखकमंडळात डायना मॉर्गन नावाच्या वेल्श लेखिका होत्या, पुरुषांत एकट्या. १९४२ च्या 'वेंट द डे वेल' या चित्रपटावर त्यांनी काम केलं. एका साध्या इंग्रज खेड्यात वेषांतर केलेले जर्मन सैनिक येतात आणि खेडुतांना, त्यातही बायकांना, हत्यार उचलावं लागतं अशी ती गोष्ट. आज तो चित्रपट पाहिला तर टपालकचेरीतली ती मध्यमवयीन बाई विसरता येत नाही. पडद्यावर बायका कुऱ्हाड चालवत होत्या. पडद्याबाहेर काय? हवाई हल्ल्यात जखमी झालेल्या स्त्रीला पुरुषापेक्षा कमी भरपाई मिळे. बॉम्ब तोच, पाय तसाच तुटलेला, भरपाई आठवड्याला ७ शिलिंग कमी. हे १९४३ मध्ये, बरंच भांडण झाल्यावर, सारखं केलं गेलं. तेव्हा 'आपण' मध्ये बायका होत्या का? होत्या. हिशोबाच्या वहीत मात्र 'आम्ही' आणि 'त्या' असे दोन रकाने होते.

कादंबरी हे भाषण न करता दाखवते. कॅट्रिन पडद्यासाठी धाडसी बहिणी लिहिते आणि घरी येऊन ज्या चित्रकाराच्या आडनावानं ती राहते त्याच्याकडे जेवणाचं बघते. त्याच्याशी तिचं लग्नही झालेलं नाही, हे लपवणंही तिच्याच वाट्याला.

सामान्य माणसांनी युद्धकाळात चित्रपट केला, याची कादंबरीपेक्षाही चकित करणारी खरी उदाहरणं आहेत. दोन सांगतो.

पहिलं 'फायर्स वेअर स्टार्टेड', १९४३. दिग्दर्शक तेच जेनिंग्ज. यात नट नाहीत. लंडनच्या अग्निशामक दलातले खरे जवान आहेत. जर्मन हल्ल्यांचा पहिला मोठा सपाटा मे १९४१ मध्ये ओसरला होता, म्हणून चित्रीकरणासाठी गोदीतल्या पडक्या गोदामांना पुन्हा आगी लावल्या गेल्या आणि ज्यांनी खऱ्या आगी विझवल्या होत्या त्यांनीच त्या विझवल्या. संवाद बरेचसे त्यांचे त्यांनीच बोलले. हा खोटेपणा म्हणायचा का? आग लावलेली आहे, पण नळी धरणारा हात शिकवावा लागलेला नाही. इथे आर्थर फ्रिथला कुणीतरी विचारलं, असं म्हणू या.

दुसरं उदाहरण आम्हाला अधिक मोलाचं वाटतं. १० जून १९४२ ला नाझींनी चेकोस्लोव्हाकियातलं लिदित्से हे खाणकामगारांचं गाव नामशेष केलं. पुरुषांना गोळ्या घातल्या, बायकांना छळछावणीत पाठवलं, घरं जाळून जमीन सपाट केली. जेनिंग्ज वेल्समधल्या कुम्गिएद नावाच्या कोळसा खाणीच्या गावात गेले, तिथल्या लोकांत राहिले, आणि लिदित्सेची हकीकत त्या गावानं स्वतःवर घडली असं समजून करून दाखवली. चित्रपटाचं नाव 'द सायलेंट व्हिलेज', १९४३ चा, छत्तीस मिनिटांचा. खाणकामगार खाणकामगार झाले, मास्तरीण मास्तरीण झाली. जर्मन सैनिक जवळपास दिसतच नाहीत, फक्त लाउडस्पीकरचा आवाज येतो आणि गावाची वेल्श भाषा शाळेतून बंद होते. शेवटी पुरुष भिंतीपाशी उभे राहतात, गाणं म्हणत.

वेल्समध्ये यातलं काहीही घडलं नव्हतं, आणि चित्रपट तसं म्हणतही नाही. हे लिदित्सेचं आहे हे तो उघड सांगतो. एका गावानं दुसऱ्या, कधी न पाहिलेल्या गावासाठी 'आपण' म्हटलं. आम्ही वर्गात नीतिशास्त्र शिकवताना 'दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवणं' हा वाक्प्रचार हजारदा वापरला असेल. तो अक्षरशः करून पाहिलेला असा आम्हाला हा एकच प्रसंग ठाऊक आहे.

मग तक्रार कुठं आहे? तक्रार वगळलेल्यांची आहे, आणि इथं आपल्याला हिंदुस्थानाकडे वळावं लागतं, कारण वगळलेल्यांत आपली माणसं होती.

ब्रिटिश फौजेकडे फ्रान्समध्ये मोटारी भरपूर होत्या, पण चिखलात आणि बर्फात मोटारी अडतात. म्हणून हिंदुस्थानातून खेचरांच्या तुकड्या मागवल्या. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या चार कंपन्या, बहुतेक जवान पंजाबी मुसलमान, डिसेंबर १९३९ मध्ये मार्सेलला उतरल्या. मे महिन्यात पळापळ झाली तेव्हा यातले बरेच जवान डंकर्कहून इंग्लंडला आले, खेचरं मागं सोडून. एक कंपनी, बाविसावी, मात्र निसटू शकली नाही, ती जर्मनांच्या हाती लागली. हे जवान किनाऱ्यावर रांगेत उभे होते. पुढे डंकर्क जिथं जिथं पडद्यावर आलं, १९४२ च्या 'मिसेस मिनिव्हर' मध्ये, त्याच वर्षीच्या 'इन विच वुई सर्व्ह' मध्ये, थेट २०१७ च्या ख्रिस्तोफर नोलन यांच्या 'डंकर्क' पर्यंत, त्या रांगेतून ते गायब आहेत. नोलन यांच्यावर याबद्दल टीका झाली ती योग्यच. एव्हान्सबाईंच्या कादंबरीतही ते नाहीत. आम्ही हा दोष म्हणून लावत नाही, तिचा विषय निराळा आहे. पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही. मंत्रालयाच्या त्या टेबलावर अमेरिकन घुसवायला जागा निघाली. तो किनाऱ्यावर नव्हता, तरी निघाली. जे होते त्यांच्यासाठी निघाली नाही. रोझ-लिलीची बोट डंकर्कला पोचवण्यात आम्हाला फारसं पाप दिसत नाही. पोचलेल्यांना खोडणं मात्र निराळं आहे.

आता हेच 'वी' मराठीत कसं आलं ते पाहा. ऑर्वेल १९४१ ते १९४३ बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये नोकरीला होते. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली बातमीपत्रं मराठीत अनुवादित होऊन हिंदुस्थानासाठी प्रसारित होत. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांत आपल्या कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या, ज्यांनी पुढे 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. बॉम्ब पडत असलेल्या लंडनमध्ये बसून एक मराठी बाई मायक्रोफोनपुढे युद्धाची हकीकत सांगते आहे. कॅट्रिनची ही आणखी एक बहीणच म्हणायची. आणि त्या अनुवादकांपुढे इंग्रजीतलं 'वी' आलं की लेखणी क्षणभर थबकली असणारच. 'आपण जर्मनांना मागे रेटलं' म्हणायचं? हिंदुस्थानला या युद्धात सामील करून घेताना व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ३ सप्टेंबर १९३९ ला कुणा लोकप्रतिनिधीला विचारलंसुद्धा नव्हतं. 'आम्ही रेटलं' म्हणायचं? मग बोलणारी त्यांच्यातली ठरते.

मुंबईत १९४० मध्ये लंडनच्याच धर्तीवर फिल्म अॅडव्हायझरी बोर्ड निघालं. अध्यक्ष जे. बी. एच. वाडिया. अॅलेक्झांडर शॉ हे माहितीपटवाले इंग्लंडहून आले. काही काळ मुख्य निर्माते म्हणून आपले व्ही. शांताराम होते. पुढे १९४३ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आली, एझ्रा मीर यांच्याकडे सूत्रं गेली, आणि सरकारमान्य लघुपट दाखवणं चित्रपटगृहांना भारत संरक्षण नियमांखाली सक्तीचं झालं. लंडनमध्येही फुकट दाखवत होते, इथेही दाखवायला लावत होते. तंत्र तेच, काही वेळा माणसंही तीच. पण ऑगस्ट १९४२ नंतर, गवालिया टँकवरच्या त्या सभेनंतर, नेते तुरुंगात असताना, 'आपण सगळे मिळून लढू या' असं पडद्यावरून ऐकणाऱ्या मुंबईकरानं त्या 'आपण' मध्ये कुठं बसायचं होतं? कसबी माणसांनी केलेले ते लघुपट होते, काही चांगलेही होते. सर्वनाम चुकलेलं होतं. शांताराम यांनी पुढे स्वतःचं युद्धपट केला तो 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', १९४६ चा, सोलापूरहून चीनला गेलेल्या आणि १९४२ मध्ये तिथंच वारलेल्या एका साध्या डॉक्टरवर. त्यात 'आपण' शोधावा लागला नाही.

लोन शेरफिग यांच्या चित्रपटात शेवटी कॅट्रिन काळोखात प्रेक्षकांमध्ये बसून आपलाच चित्रपट बघते. शेजारच्या बाईला गोष्ट पाठ झाली आहे, ती पुन्हा पुन्हा बघायला येते. बोट पोचली होती का, हे विचारायला त्या बाईला कुणी सुचवलं तर तिला तो प्रश्नच कळणार नाही. तिच्यापुरती ती बोट तिची आहे.

असाच एक काळोख आपल्याकडेही त्याच वर्षांत होता. जानेवारी १९४३ मध्ये बॉम्बे टॉकीजचा 'किस्मत' लागला. कलकत्त्याच्या रॉक्सीमध्ये तो तीन वर्षांहून अधिक चालला. त्यात कवी प्रदीप यांचं एक गाणं आहे, परक्यांना हिंदुस्थानपासून दूर व्हायला सांगणारं. शब्दांत दरडावलेलं आहे जर्मनांना आणि जपान्यांना, म्हणजे सरकारच्याच शत्रूंना, त्यामुळे सेन्सॉरनं कागद पाहिला आणि गाणं पास केलं. थिएटरात बसलेल्यांनी त्यातले परके कोण ते आपलं आपण ठरवलं, आणि वन्समोअर घेतले.